एक्कावन्न किलो

बाळापूर
९ ऑक्टोबर २०२५

चि. आचल,

बापाचे आशीर्वाद. नको असतील तर आईचे समज आणि पुढे वाच.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. आईचा नाही, मनोजचा नाही, फक्त माझा. म्हणून हा कागद. पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "काका, आजकाल कोन पत्र लिहिते?" मी म्हटलं, "ज्याच्या पोरीले बापाचा आवाज नको असते तो लिहिते." पत्ता तुझ्या भावाकडून काढला. मनोज सांगत नव्हता, दोन दिवस त्याच्या मागे लागावं लागलं. तू अमरावतीत त्या रागिणीच्या खोलीवर राहतेस म्हणे. राहा, पण डोळे उघडे ठेवून राहा.

रागिणीवर माझा विश्वास नाही, हे आजच लिहून ठेवतो. अल्माटीला, त्या कझाकस्तानातल्या बॉक्सिंग स्पर्धेला, तुझ्या खोलीत तीच होती. तू म्हणशील, बाबा, ती चोपन्न किलोत खेळते, मी एक्कावन्नमध्ये, तिचं माझ्याशी काय वैर? अगं, माझ्या चुलतभावाचा कापडाचा धंदा आणि माझा भाजीपाल्याचा, तरी तो माझी गाडी दिसली की गल्ली बदलतो. तुझ्या बाटलीत पाणी कोण भरत होतं? जेवणात मीठ कोण टाकत होतं? मीठ जास्त झालं की अंग पाणी धरतं, हे तूच मला सांगितलंस.

महिनाभर मी एकच उजळणी करतो आहे. महालक्ष्म्यांसाठी तुला शिबिरातून सुटी मिळाली. ३१ ऑगस्टला संध्याकाळी घरी आलीस. तीन दिवस रोज सकाळी आपल्या भाजीच्या काट्यावर उभी राहिलीस आणि आकड्याचा फोटो काढून संघाच्या मॅनेजरला पाठवलास. पन्नास किलो आठशे, पन्नास साडेआठशे, पन्नास नऊशे. फ्लायवेट म्हणजे एक्कावन्नच्या आत, आणि तू तिन्ही दिवस आत होतीस. ३ सप्टेंबरला दुपारी नागपूरहून विमानात बसलीस. ५ तारखेला संध्याकाळी अल्माटीच्या काट्यावर बावन्न किलो शंभर! दोन दिवसांत सव्वा किलो, तेही खुर्चीत बसून? कुठंतरी पाणी मुरतंय, आचल.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. प्लास्टिकचा सूट घालून तू पळत राहिलीस, घोटभर पाणी घेतलं नाहीस, आणि सकाळी तिसऱ्या खेपेला एक्कावन्न भरलीस. दुपारी रिंगणात मंगोलियाची पोरगी. पहिली फेरी तू घेतलीस, मी पाहिलं. दुसऱ्या फेरीत तुझे हात खाली आले. तू पडली नाहीस, दोरीला टेकून नुसती उभी राहिलीस, आणि पंचानं तुझ्यापुढे येऊन दोन्ही हात हलवून लढत थांबवली. मनोजच्या मोबाइलवर अर्धी गल्ली पाहत होती. कोणी काही बोलायच्या आत मी उठून मागच्या अंगणात गेलो.

आता संघटनेची नोटीस आली, तीही मला मनोजकडून कळते. "घरून वजनाचे खोटे फोटो पाठवले." २४ नोव्हेंबरला अमरावतीत सुनावणी, आणि दोष ठरला तर दोन वर्षांची बंदी. तू एकवीस वर्षांची आहेस. तेविसाव्या वर्षी परत येशील तोवर तुझ्या जागेवर तीन पोरी बसलेल्या असतील. ही बंदी लागता कामा नये, म्हणून मी हात जोडून बसणार नाही.

मी संघटनेला पत्र टाकलं आहे. त्यात रागिणीचं नाव घातलं आणि रामराव सरांचंही. हो, सरांचं! अकरा वर्षांची असल्यापासून त्यांनी तुला अकोल्यात शिकवलं हे खरं. पण तुझ्या मागे त्यांच्याकडे दुसरी एक पोरगी एक्कावन्नमध्ये तयार होते आहे, हेही खरं. मी कोणाला सोडणार नाही.

तू माझ्यावर का रागावलीस ते मात्र मला कळत नाही. तुझं वजन जास्त भरलं त्या संध्याकाळी मॅनेजरचा मला फोन आला होता, दोन मिनिटं बोललो. काय बोललो ते आता नीट आठवत नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो.

तुझा बाप,
किसनराव


बाळापूर
२४ ऑक्टोबर २०२५

चि. आचल,

दिवाळीला आली नाहीस. तुझ्या आईनं लाडू वळले आणि डबा भरून मनोजच्या हाती तुझ्याकडे पाठवला. मला विचारलंही नाही. या घरात आजकाल माझ्यापासून लपवून डबे जातात.

मी लक्ष्मीपूजनाआधी अकोल्याला सरांकडे गेलो होतो. तुला त्यांनी सांगितलंच असेल, पण त्यांच्याकडून ऐकलं तेवढ्यावर राहू नकोस. जुन्या जिनिंगच्या शेडात दहाबारा पोरं दोरीवर उड्या मारत होती. सर खुर्चीवर बसून ग्लोव्हज शिवत होते. पोलिसातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बसतात अजून ठाणेदारासारखे.

"या किसनराव, चा घ्या."

"चा नको. माह्या पोरीचं काय केलं थे सांगा."

"मी काय केलं? दहा वर्षं शिकवून राहिलो तिले. एक डाव खोटं नाई बोलली. वजन वाढलं असलं त सोताहून सांगे, सर, काल भजे खाल्ले."

"मंग अल्माटीत वजन वाढलं कसं?"

"तेच मी तुमाले इचारतो. पोट्टी खोटी नाई. फोटो खोटा नाई, आकडा दिसते त्याच्यात. तिथचा काटा सगळ्या देशाईले एकच होता. मंग आता काय उरलं, तुमीच सांगा."

त्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा काटा घिऊन या नं एक डाव. माह्याजवळ पक्के वजनं आहेत. ठिवून पाहू."

"काटा दुरुस्तीले टाकला."

"कवा?"

"झाले आठ-पंधरा दिवस."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा शिवायला लागले. त्या 'बरं'चा मला भयंकर राग आला. पोलीस माणसाला सगळं जग आरोपी दिसतं. मी त्यांच्यावर बोट दाखवायला गेलो, तर त्यांनी माझ्यावर दाखवलं. वड्याचं तेल वांग्यावर! काटा खरंच दुरुस्तीला टाकला आहे. त्याचं एक बटण अडकत होतं. एवढ्या साध्या गोष्टीत संशय घेण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारला फुलकोबीचा माल पाहायला गेलो होतो. येताना अमरावतीत उतरलो. मैदानाच्या भिंतीपलीकडे चहाची टपरी आहे, तिथं तासभर बसलो. तू आणि रागिणी पळत होतात. तू केस बारीक कापलेस. पाचव्या चकरीनंतर रागिणीनं तुला बाटली दिली आणि तू झाकण न पाहता, वास न घेता घटाघटा प्यालीस. एवढा विश्वास! मी उठून ओरडणार होतो. पण तू तिच्या खांद्यावर हात टाकून हसलीस. आपल्या घरी तू अशी शेवटची कधी हसलीस ते मला आठवलं, म्हणून मी बसून राहिलो. बस लागली तेव्हा निघालो.

बंदी टाळायची असेल तर एक ऐक. सुनावणीत कोणी काट्याचं विचारलं तर "घरचा काटा आहे, मला माहीत नाही" एवढंच म्हण. त्यात शिरू नकोस. त्यात काही नाही.

किसनराव


बाळापूर
५ नोव्हेंबर २०२५

चि. आचल,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. पोस्टमननं वाचलं, मनोजनं वाचलं, आणि मग माझ्या हातात पडलं. पाकिटात घातलं असतंस तर बरं झालं असतं. एकच वाक्य लिहिलंस: "बाबा, त्या तीन दिवसांत मी काय खाल्लं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, मग मॅनेजरला तसं का सांगितलं?"

आधी मला रागच आला. बापाला प्रश्न विचारायला सगळ्या पोस्टाला साक्षीला बसवलं म्हणून. दुपारभर मी तुझ्या आईवर ओरडलो. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. तुला एक सांगतो, तुझी सख्खी आईसुद्धा या बाबतीत तुझ्या बाजूनं बोलत नाही. मी तिला चारदा विचारलं, "माणिक, पोरीनं खाल्लं का नाई?" ती मान खाली घालते. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तिलाही काही ठाऊक असेल, कोणी सांगावं!

त्यात काल सकाळीच सूर्यभानच्या वावरात तमाशा झाला होता. मेथी आणि झेंडू घ्यायला गेलो होतो. आपला काटा नाही म्हणून मनोजनं शेजारच्या व्यापाऱ्याचा काटा आणला होता. सूर्यभाननं जुड्यांचा ढीग चढवला, आकडा पाहिला आणि डोक्यावरचा दुपट्टा काढून पुन्हा बांधला.

"किसनराव, काहून जी, माही मेथी आज जड झाली!"

"पानी जास्त मारलं असशीन."

"पानी त रोजच मारतो. तुमचा जुना काटा कुठी गेला?"

"दुरुस्तीले."

"मंग होऊ द्या त्याची दुरुस्ती सावकाश," तो म्हणाला, आणि सगळे मजूर फिदीफिदी हसले. मनोज गाडीत जाऊन बसला. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मॅनेजरनं फोनवर विचारलं, "घरचा वजनकाटा बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "एकदम पक्का आहे साहेब, आमचा धंदाच काट्यावर आहे." तो म्हणाला, "मग मुलीचं वजन असं कसं?" मी म्हटलं, "सणाचं घर आहे साहेब, पुरणाचा सैपाक होता, खाल्लं असंन पोरीनं काही." एवढंच बोललो. 'खाल्लं' म्हटलं नाही, 'खाल्लं असंन' म्हटलं. त्यानं काय लिहून घेतलं ते मला माहीत नव्हतं.

तू म्हणशील, ही पळवाट आहे. असेल. पण काट्याबद्दल तो खोदून विचारत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही. आमच्या धंद्यात काट्याची चर्चा वाढवलेली चांगली नसते. सगळेच काही ना काही ठेवतात.

पुढचं लिहीत नाही. दिवस मावळला आणि गाडी भरायची आहे.

बाबा


बाळापूर
१६ नोव्हेंबर २०२५

आचल,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी पहिल्या पानावर दुसऱ्याच कोणाला तरी धरलं होतं. फोनवर मी फार पटकन खोटं बोलतो. कागदावर वेळ लागतो आणि मध्येच लाज वाटते.

काटा दुरुस्तीला टाकलेला नाही. मागच्या खोलीत बारदान्याखाली आहे. तो बिघडलेलाही नाही. तो जसा बसवून घेतला तसाच चालतो. चार वर्षांपूर्वी एक माणूस आला होता, अर्ध्या तासात बसवून गेला. किलोमागे वीस ग्रॅम कमी दाखवतो. वावरातून माल घेताना तो काटा, बाजारात विकताना दुसरा. शेतकरी जुड्यांवर पाणी मारतो, व्यापारी काटा मारतो, असं आमच्यात म्हणतात आणि हसतात. मीही हसत आलो. सूर्यभानची मेथी चार वर्षं माझ्या काट्यावर हलकी होत होती.

तुला हे माहीत नव्हतं. तू लहानपणापासून काट्यांमध्ये खेळलीस, पण काटा खोटं बोलतो हे तुला कोणी सांगितलं नाही. बॉक्सिंगमध्ये वजन खरं असतं, तेवढंच तुला ठाऊक.

१ सप्टेंबरची सकाळ सांगतो. तू अनवाणी काट्यावर चढलीस. पन्नास आठशे. टाळी वाजवून ओरडलीस, "बाबा, उतरलं! शिबिरात एक्कावन्न आठशे होती मी. प्रवासातच उतरलं!" मी मनात किलोमागे वीस धरले. एक्कावन्न आठशेच आले. तुझं वजन उतरलंच नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ओसरीवर सूर्यभान बसला होता. महालक्ष्मीसाठी झेंडूची टोपली घेऊन आला होता, फुकट, देवीचं म्हणून. त्याच्या देखत कसं सांगू, पोरी, या काट्यावर भरवसा ठेवू नकोस? मी म्हटलं, "वा, शाब्बास!" आणि त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर कोणी नव्हतं. तरी बोललो नाही, कारण आदल्या दिवशी बोललो नव्हतो. आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं, असं तू विचारलं असतंस. मी मनाची समजूत घातली की तिथं मोठमोठे डॉक्टर असतात, ते पाहून घेतील. तिसऱ्या दिवशी तू फोटो पाठवलास, माझ्या पाया पडलीस आणि दोन ग्लास पाणी पिऊन गाडीत बसलीस. वजन आत आहे म्हणून तू निर्धास्त पाणी प्यालीस. मी तुला हात हलवून निरोप दिला.

नंतर रागिणीवर, सरांवर, तिथल्या पाण्यावर आणि मिठावर संशय घेत सुटलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पण आचल, एक खरं सांगतो. शेवटी शेवटी माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत चालला होता. मी रागिणीकडे टपरीवरून पाहत होतो तेव्हा मला खरोखर वाटत होतं की बाटलीत काहीतरी आहे.

मनोजशी काल भांडण झालं. मी म्हटलं, काटा सुनावणीला घेऊन जातो. तो म्हणाला, "बाबा, डोकं फिरलं का तुमचं? काटा भायेर गेला त धंदा बसला. आज रातीच किल्ल्याखाली मन नदीत टाकून येतो, कोनाले काई समजत नाई." मी म्हटलं, "आचलले दोन वर्षं घरी बसवतात." तर म्हणतो, "तिचं दोन वर्षानं होऊन जाईन, आपलं कायमचं जाईन." मी त्याला शिव्या घातल्या. पण हाच विचार अडीच महिने माझ्या डोक्यात होता, हे तुला कळलं पाहिजे. तो माझ्याकडूनच शिकला.

मला भीती वाटते. वजनमापवाले येतील, गावात तोंड दाखवता येणार नाही, सूर्यभान काय म्हणेल ते तर विचारूच नकोस. पण २४ तारखेला मी काटा घेऊन येतो. तू नको म्हणालीस तरी येतो. हे लिहून आजच पेटीत टाकतो आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझा,
बाबा


बाळापूर
२७ नोव्हेंबर २०२५

चि. आचल,

सुनावणीला तू समोर होतीस. तरी जे झालं ते मी एकदा लिहितो, कारण तिथं मी काय बोललो ते मला नंतर नीट आठवावं असं वाटतं. या खेपेला आठवत नाही असं म्हणायचं नाही.

काटा टेबलावर मावला नाही म्हणून खाली फरशीवर ठेवला. रामराव सरांनी आपली पक्की वजनं आणली होती. वीस किलो ठेवले, आकडा आला एकोणीस सहाशे. संघटनेचे अध्यक्ष खुर्चीतून उठून वाकून पाहायला आले. मग तू संघटनेच्या काट्यावर उभी राहिलीस आणि लगेच माझ्या. माझ्या काट्यानं तुला किलोभरानं हलकी केली. मी नाव, गाव, धंदा सांगितला आणि सगळं कबूल केलं. सही केली. मनोज मागे उभा राहून पाहत होता. नाही नाही म्हणत काट्याची गाडी त्यानंच चालवत आणली होती.

तेव्हा अध्यक्षांनी तुला विचारलं, "तुम्हाला काट्याचं कधी कळलं?" मी म्हणणार होतो, तिला माझ्या पत्रातून कळलं. तू म्हणालीस, "अल्माटीहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी. घरी कपडे आणायला गेले होते, तेव्हा काट्यावर उभी राहिले. दुपारी अकोल्यात सरांच्या काट्यावर उभी राहिले. तेव्हाच समजलं." सरांनी मान हलवली. म्हणजे मी सरांवर डोळे वटारत होतो तेव्हा सरांना माहीत होतं. दोघांनाही माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मग नोटिशीला उत्तर का दिलं नाही? अडीच महिने गप्प का? बंदी लागली असती."

"लागली असती त घेतली असती," तू म्हणालीस. तिथंवर शुद्ध बोलत होतीस, मग एकदम घरच्यासारखी बोललीस. "मी कशी सांगू? माह्या बाबाचं नाव आहे थे. सांगाचं असन त त्याहीनं सांगाव."

मी त्या वेळी खाली पाहत होतो. तुझ्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. तू दोन वर्षं द्यायला तयार होतीस, आणि मी तुला पत्रात शिकवत होतो की काट्याचं विचारलं तर त्यात शिरू नकोस.

मग अध्यक्षांनी मॅनेजरचा कागद काढला. म्हणाले, "काट्याचं समजलं. पण वडिलांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मुलीनं सणाचं जेवणही केलं, असं इथं आहे. ते काय?" हा प्रश्न माझा होता.

मी म्हटलं, "नाई साहेब. तिनं खाल्लं नाई."

"तुम्ही कशावरून सांगता?"

हे मी तुला चौथ्या पत्रातही लिहिलं नव्हतं. काट्यापेक्षा याची लाज जास्त होती. महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी तुझ्या आईनं तुझ्या नावाचं ताट वाढलं. पुरणपोळी, कढी, वडे, आंबील, सगळं. तू हात जोडलेस आणि म्हणालीस, "माय, जिंकून आली की खाईन." आणि उकडलेले मूग घेऊन वर गेलीस. तिनं ताट देवीपुढे झाकून ठेवलं, की देवीचं आहे, पोरीनं घासभर तरी खावं. ती पंगतीत वाढायला गेली तेव्हा मी एकटा आत आलो. सकाळपासून काट्याचा तो आकडा माझ्या पोटात होता, मला कोणाशी बोलायचं नव्हतं. मी ताटावरचं झाकण काढलं आणि उभ्या उभ्या सगळं खाल्लं. काहून खाल्लं, मला अजूनही सांगता येत नाही. रिकामं ताट परत झाकून ठेवलं.

हे सगळं मी संघटनेच्या पाच माणसांसमोर सांगितलं. "तिच्या नावाचं ताट मी खाल्लं साहेब, आन् चार दिवसानं फोनवर सांगतलं का तिनं खाल्लं असंन."

तुझी आई माझ्या शेजारी बसली होती. तिला तेव्हाच कळलं. ताट रिकामं पाहून तिला वाटलं होतं, पोर चोरून खाऊन गेली. तिनं कोणाला सांगितलं नाही. म्हणून ती माझ्या प्रश्नाला मान खाली घालत होती. तुला वाचवायला ती अडीच महिने गप्प होती, आणि त्याच अडीच महिन्यांत तुला खोटी समजत होती. ती माझ्या शेजारून उठली, टेबलाला वळसा घालून तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, म्या तुले चोर समजली व." तू तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलंस.

बंदी नाही, हे अध्यक्षांनी तिथंच सांगितलं. बाहेर आल्यावर रागिणीनं ऑटो थांबवला. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "पोरी, मी तुह्यावर लेखी संशय घेतला. माफी लेखीच मागतो." ती गडबडली, म्हणाली, "जाऊ द्या नं काका." तुम्ही तिघी बसलात. आईनं मागे पाहिलं नाही. तू पाहिलंस. मला त्या नजरेचा अर्थ लावायचा नाही, लावायला गेलो की मी चुकतो.

काल मी सूर्यभानच्या वावरात जाऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले मालूम होतं जी. सगळ्याईले मालूम होतं. फक्त तुमच्या पोरीले मालूम नवतं." आणि मेथी दुसऱ्याच्या गाडीत चढवली. मनोज आता शेतकऱ्यांचा झेंडू भाड्यानं दुसऱ्या व्यापाऱ्याकडे पोचवायला जातो. काटा वजनमापवाल्यांनी नेला.

सरांचा फोन आला होता. म्हणाले, एक्कावन्न पुरे झालं, आता हिला चोपन्नमध्ये उतरवू, तिचं अंग त्यासाठीच आहे. म्हणजे आता तुला तीन किलो चढवायचे आहेत.

तुझी आई अजून तुझ्याकडेच आहे. कधी येणार ते मी विचारत नाही, राहू दे तिला. फक्त एवढं कर, रोज तिला समोर बसव आणि तिच्या देखत पोटभर जेव.

किसनराव